कॅनीसाठी रोमन आणि कार्थेजी सैन्य रंगवताना: आधी लढाई ठरवा, मग रंग

पितळी ढाल (पुणे)

नमस्कार मंडळी. युद्धखेळांचा विषय निघाला की इथल्या गप्पा नेपोलियन नाहीतर दुसरं महायुद्ध इथे जाऊन थांबतात. प्राचीन काळाचे सैनिक रंगवणारेही आपल्यात बरेच आहेत, हे व्यक्तिगत निरोपांमधून कळतं. त्यांच्यासाठी हा धागा. विषय आहे रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्यूनिक युद्धातली (इ.स.पू. २१८ ते २०१) रोमन आणि कार्थेजी सैन्यं, २८ मिमी मापात, म्हणजे सैनिक साधारण तेवढ्या उंचीचा. १५ किंवा ६ मिमीवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

मुद्दा एकच आहे. रंगाची बाटली उघडायच्या आधी कुठली लढाई रंगवायची ते ठरवा. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचं सैन्य डिसेंबर २१८ मध्ये ट्रेबियाला जसं दिसत होतं तसं २ ऑगस्ट २१६ ला कॅनीला दिसत नव्हतं, आणि २०२ मध्ये झामाला उभं राहिलेलं सैन्य तर फारच निराळं. लढाई एकदा ठरली की निम्मे रंग आपोआप ठरतात, कारण त्या त्या दिवशी कोण काय ल्यालं होतं हे पॉलिबिअस आणि लिव्ही या प्राचीन इतिहासकारांनी बऱ्यापैकी लिहून ठेवलंय. मी कॅनी घेतली आहे.

आधी रोमन. डोक्यातले चित्रपट बाजूला ठेवा. पोलादी पट्ट्यांचं चिलखत, चौकोनी वाकवलेली ढाल, झाडून सगळ्यांचे लालभडक अंगरखे, हे सगळं साम्राज्यकाळाचं चित्र आहे, हॅनिबलनंतर दोनेकशे वर्षांनी जमलेलं. कॅनीचा रोमन सैनिक म्हणजे पॉलिबिअसने सहाव्या खंडात वर्णन केलेला नागरिक. स्वतःच्या ऐपतीप्रमाणे शस्त्रं घेऊन आलेला. एका लीजनमध्ये (रोमन सैन्याचा मोठा विभाग) पुढच्या रांगेचे १२०० हस्ताती, दुसऱ्या रांगेचे १२०० प्रिन्किपेस, मागच्या रांगेचे ६०० त्रिआरी आणि १२०० वेलिटीस, म्हणजे हलके भालाफेके. टेबलावर कितीही सैनिक मांडा, हे २:२:१:२ प्रमाण सांभाळलं की रांगा बघताक्षणी रोमन वाटतात.

ऐपत रंगातही दिसली पाहिजे. बहुतेकांच्या छातीवर वीतभर चौकोनी पितळी पत्रा, आणि दहा हजार द्राख्मांच्या वर मालमत्ता असलेल्यांच्या अंगावर कड्यांचं चिलखत. त्यामुळे एकाच तळपट्टीवर (काही सैनिक एकत्र चिकटवायचा पाया) दोन्ही प्रकार मिसळा. सगळ्यांना चिलखत घातलं की सैन्य श्रीमंत आणि खोटं दिसतं. २८ मिमीला तो छातीवरचा पत्रा जेमतेम ४ मिमीचा येतो. त्याला आधी गडद तपकिरी, मग पितळी, मग पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग), आणि शेवटी फक्त वरच्या कडेला उजळ पितळी रेघ. एवढं पुरतं.

शिरस्त्राणावर तीन उभी पिसं, जांभळी किंवा काळी, सुमारे हातभर उंच. मापात बसवलं तर ती ८ मिमी होतात, म्हणजे सैनिकाच्या उंचीच्या पावपट. साच्यातून येणारी पिसं बहुधा यापेक्षा आखूड असतात, कारण लांब केली तर मोडतात. मी ती बदलत नाही, पण काळ्या पिसांवर निळसर राखाडी ड्रायब्रश (जवळजवळ सुका ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं) आवर्जून मारतो. नुसतं काळं ठेवलं तर पिसांचा गठ्ठा दिसतो.

वेलिटीस सगळ्यात आधी संपवा. त्यांतले काही जण शिरस्त्राणावर लांडग्याचं कातडं घालत, म्हणजे लढाईत कोण शौर्य गाजवतोय ते लांबून अधिकाऱ्यांना ओळखू यावं. कातडं रंगवणं सोपं आणि आनंदाचं काम आहे: गडद करडा, त्यावर पिवळट ड्रायब्रश, कानांच्या आत जरा गुलाबी. हात बसायला यांच्याइतकं चांगलं काही नाही.

ध्वजचिन्हांचं बहुतेक लोक विसरतात. नुसता गरुड ही रोमन सेनापती मारिअसने इ.स.पू. १०४ मध्ये केलेली व्यवस्था, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. त्याआधी गरुडाबरोबर लांडगा, मिनोटॉर, घोडा आणि रानडुक्कर अशी पाच चिन्हं होती. तेव्हा कॅनीच्या सैन्यात एखादं रानडुक्कर मिरवायला हरकत नाही. उलट मिरवावंच.

आता कार्थेजी बाजू, आणि इथेच खरी मजा आहे. हॅनिबलच्या मधल्या फळीत स्पॅनिश आणि गॉल (केल्ट लोक) होते, आणि त्यांच्या तुकड्या एकाआड एक उभ्या केल्या होत्या. पॉलिबिअस म्हणतो की त्यांच्या ढाली जवळजवळ सारख्या, तलवारी मात्र वेगळ्या. गॉल कमरेच्या वर उघडे, स्पॅनिश आखूड तागाच्या अंगरख्यात, जांभळ्या काठाच्या. लिव्ही तर त्या अंगरख्यांचा पांढरेपणा डोळे दिपवणारा होता असं म्हणतो. हे वाचल्यावर मी माझ्या सगळ्या तळपट्ट्यांचा क्रम त्याप्रमाणे लावला: एक उघड्या अंगाची, एक शुभ्र, परत एक उघड्या अंगाची. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही ती रांग हॅनिबलची म्हणून ओळखू येते.

या पांढऱ्यावर जरा थांबतो, कारण सगळं सैन्य इथे जमतं किंवा बिघडतं. रोमन अंगरखे मी न रंगवलेल्या लोकरीचे धरतो आणि स्पॅनिश अंगरखे उन्हात शुभ्र केलेल्या तागाचे. दोन्ही पांढरेच, पण एक ऊबदार आणि एक थंड. लोकरीसाठी खाली खाकी, त्यावर हस्तिदंती, उजाळा पिवळट पांढऱ्याचा, शुद्ध पांढरा कुठेही नाही. तागासाठी खाली फिका निळसर राखाडी, चुण्यांच्या घळीत तोच राहू द्यायचा, वरच्या उंचवट्यांवर पांढऱ्याचे दोन पातळ हात, आणि खांद्यावर व गुडघ्यावरच्या चुणीवर तेवढा शुद्ध पांढरा. दोन सैन्यं समोरासमोर ठेवली की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

काठासाठी जांभळा बाटलीतून तसाच घेऊ नका. प्लिनीच्या मते उत्तम जांभळा म्हणजे साकळलेल्या रक्ताचा रंग, पहिल्या नजरेला काळपट आणि उजेडात धरल्यावर चमकणारा. मी गडद लाल दोन भाग, निळा एक भाग आणि तपकिरीचा थेंब असं मिश्रण करतो. काठ आखायला अगदी बारीक ५/० चा ब्रश घेऊ नये. त्यात रंग राहत नाही, टोकावरच वाळतो. शून्य नंबरचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश घ्या आणि त्याची कूस अंगरख्याच्या कडेवरून फिरवा. रेघ जाड आली तर वरून फिक्या राखाडीने कापून घ्या. काठ बारीक होतो तो या कापण्याने.

न्युमिडियन घोडेस्वार, बॅलिअरिक गोफणवाले आणि लिबियन पायदळ यांवर प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा फार लांबेल.

———

मेणाचा मावळा (ठाणे)

वाचनखूण साठवली आहे. एकाआड एक तळपट्ट्यांची कल्पना फार आवडली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

———

गडकोट (सातारा)

उत्तम धागा. लिबियन लोकांबद्दल मात्र आत्ताच विचारतो, कारण माझं सैन्य तिथेच अडलंय. ट्रॅसिमीनच्या लढाईनंतर हॅनिबलने आपल्या आफ्रिकन पायदळाला लुटीतली रोमन शस्त्रं दिली हे सगळीकडे आहे. लिव्ही म्हणतो की कॅनीला ते रोमनच वाटावेत असे दिसत होते. मग मी ते तसे रंगवले तर खेळताना समोरच्याला आपलं कोण आणि परकं कोण हे कळायचं कसं? आमच्या गटात चार जण आहेत. त्यांचं एकमुखाने म्हणणं पडलं की लिबियनांना सरळ पांढऱ्या ढाली आणि ग्रीक धाटणीची तागाची चिलखतं द्या, बघायला छान दिसतात.

———

पितळी ढाल (पुणे)

गडकोट, तुमच्या गटाचं म्हणणं ट्रेबियासाठी चालेल, कॅनीसाठी नाही. कॅनीला दोन्ही टोकांना उभे असलेले लिबियन आत वळले आणि रोमनांच्या बगलांवर पडले. लढाईचा निकाल ज्यांनी लावला ते रोमनांच्याच शस्त्रांत होते, ही गोष्ट टेबलावर दिसलीच पाहिजे. ती घालवली तर कॅनी मांडण्यात अर्थ काय?

ओळखीचं असं करता येतं. हॅनिबलने त्यांना लुटीतलं निवडक सामान दिलं, असं पॉलिबिअस सांगतो. म्हणजे कड्यांची चिलखतं इथे सरसकट सगळ्यांना. छातीवरच्या पत्र्याचा एकही नको. हे लोक गरीब हस्तातींपेक्षा चांगले सजलेले दिसले पाहिजेत. दुसरं, ढाली. त्या काळच्या ढालींचे रंग पॉलिबिअस देत नाही, त्यामुळे निवड आपली. मी रोमन बाजूला एका लीजनला एकच रंग ठेवतो. लिबियनांच्या हातात मात्र सगळे रंग सरमिसळ, कारण त्या ढाली वेगवेगळ्या सैन्यांकडून आल्या. त्यांवर ओरखडे, खपल्या आणि दोन-तीन ढालींवर उघडं पडलेलं लाकूड. तिसरं, पिसं काढून टाका आणि अंगरखे रंगीत करा: मंजिष्ठेचा विटकरी, गेरूचा, फिका निळा. पिसं आणि अंगरखे ही माझी निवड आहे, ग्रंथाचा आधार नाही.

हातात पिलम (रोमन फेकभाला) द्यायचा की पूर्वीचा भाला, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. तुमच्या पेटीत जे हात आले असतील ते लावा.

———

शमीवृक्ष (औरंगाबाद)

एक भर घालतो. पांढऱ्या ढालींचा संदर्भ ग्रीक चरित्रकार प्लुटार्कमधला आहे. सिसिलीत क्रिमिसस नदीवर ग्रीक सेनापती टिमोलिओनशी लढलेल्या कार्थेजच्या नागरिकांच्या ढाली पांढऱ्या होत्या असं तो सांगतो. ती लढाई इ.स.पू. चौथ्या शतकातली, हॅनिबलच्या शंभरावर वर्षं आधीची. त्याच काळात कार्थेजचं "पवित्र पथक", म्हणजे निवडक नागरिकांची तुकडी, होतं. बऱ्याच खेळांच्या याद्यांत ते हॅनिबलच्या सैन्यात घुसडलेलं असतं. हॅनिबलबरोबर इटलीत कार्थेजचे नागरिक म्हणजे अधिकारी आणि सेनापती. बाकी फौज लिबियन, न्युमिडियन, स्पॅनिश, गॉल. नागरिकांची फळी बघायची तर झामाला बघा. तिथे ते दुसऱ्या रांगेत उभे होते.

———

चैतीपालवी (नागपूर)

मी या छंदात नवीन आहे. भावाने पाठवलेली रोमन प्लास्टिकची एक पेटी आहे, तीच सुरू करायची आहे. दोन प्रश्न. एक, इथे उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, काय करावं? दोन, माझ्याकडे फेव्हिक्रिल आणि कॅम्लिनचे रंग भरपूर आहेत, ते चालतील की मिनीसाठीचे (छोट्या सैनिकांसाठीचे) वेगळे रंग घ्यावेच लागतात?

———

लीड्सकर

चैतीपालवी ताई, पहिल्याचं उत्तर: ओली पॅलेट. झाकणाचा बसका डबा, तळाला ओला स्पंज, त्यावर बटर पेपर. रंग बटर पेपरवर काढायचा. खालचं पाणी झिरपत राहतं आणि रंग तासन् तास मऊ राहतो. नागपुरात पंखा सरळ अंगावर घेऊन रंगवू नका, आणि रंगात पाण्याबरोबर रिटार्डरचा (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब टाका. धातूचे रंग या पॅलेटवर ठेवू नका. चमकीचे कण पाण्यात पसरतात आणि शेजारचे सगळे रंग चमकायला लागतात.

दुसऱ्याचं: साधे कलेचे रंग तळपट्टीच्या मातीला, घोड्यांना, ढालींच्या मागच्या बाजूला बिनदिक्कत वापरा. त्यांतलं रंगद्रव्य जरा जाड दळलेलं असतं, त्यामुळे चेहरा, पिसं आणि तो जांभळा काठ यांसाठी मिनीचे रंगच बरे. सुरुवातीला सहा बाटल्या पुष्कळ: हस्तिदंती, गडद तपकिरी, त्वचेचा रंग, पितळी, पोलादी, काळा. आणि एक तपकिरी वॉश. लाल आणि निळा तुमच्याकडे आहेच.

पितळी ढाल यांना एक विनंती. ढालींसाठी चिकटचित्रं मिळतात, त्यावर लिहा. इथले बरेच जण ढाली हाताने रंगवतच नाहीत.

———

पितळी ढाल (पुणे)

लीड्सकर, चिकटचित्रं सुंदर असतात आणि वेळ वाचतो, पण विकत घेताना काळ बघा. वीज आणि पंखांची नक्षी साम्राज्यकाळाची आहे. या काळाच्या ढालीला लंबगोल आकार, मधोमध उभा कणा आणि लोखंडी बोंड. पॉलिबिअस ढालीची बांधणीही देतो: फळ्यांचे दोन थर सरसाने चिकटवलेले, वर कापड, त्यावर वासराचं कातडं, वरच्या आणि खालच्या कडेला लोखंडी पट्टी. उंची चार रोमन फूट. २८ मिमीला ही ढाल २१ मिमीच्या आसपास येते. इजिप्तमध्ये फायूमला खरीखुरी एक लंबगोल ढाल सापडली, तीही १२८ सेंटीमीटर उंच, लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर आडव्याउभ्या चिकटवलेली.

कातडं आहे हे लक्षात ठेवून रंगवलं की ढाल जिवंत होते. सपाट रंग देऊन झाला की त्याच रंगात थोडा पांढरा मिसळून स्पंजाच्या तुकड्याने हलकेच टिपा. लोखंडी पट्टी बाजूंना नको, फक्त वर आणि खाली. ही एक गोष्ट पाळली तरी जाणकार तुमची ढाल उचलून बघतील.

आता गोफणवाले. ग्रीक इतिहासकार डिओडोरस सांगतो की बॅलिअरिक बेटांवरच्या लोकांकडे तीन गोफणी असत: एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. साच्यात हे बहुधा नसतं. डोक्याभोवती एक तपकिरी रेघ आणि कमरपट्ट्याखाली दुसरी, एवढ्याने काम होतं. कॅनीला लढाईच्या सुरुवातीलाच कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) एमिलिअस पॉलसला गोफणीचा दगड लागून तो जखमी झाला, असं लिव्ही लिहितो. म्हणून माझे गोफणवाले मी त्याच्या घोडदळासमोर ठेवतो.

न्युमिडियनांसाठी (उत्तर आफ्रिकेतले घोडेस्वार) लिव्हीचं इ.स.पू. १९३ च्या प्रसंगातलं एक वर्णन हाताशी ठेवा: घोडे लहान आणि हडकुळे, मान ताठ आणि पुढे काढलेली, लगाम नाही, स्वाराजवळ भाल्यांपलीकडे काही नाही. साच्यात लगाम कोरलेला असेल तर तो चाकूने खरवडून टाका आणि मानेभोवती दोरीचा एक वेढा रंगवा. घोड्यांचे रंग मिसळा: तांबूस, तपकिरी, एखादा राखाडी. स्वाराचा अंगरखा लोकरीचा, बिनकाठाचा.

रोमन घोडदळाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. गोल ढाल, पितळ, लोकर. झालं.

———

आंब्याचा मोहर (रत्नागिरी)

पावसाळ्यात इथे मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की मिनींवर पांढुरका थर येतो. एवढी मेहनत करून गॉलच्या अंगावर धुकं. काही उपाय?

———

मेणाचा मावळा (ठाणे)

हवेतल्या ओलीने होतं ते. जून ते सप्टेंबर स्प्रे बंदच ठेवा, ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वॉर्निश वापरा, पातळ दोन हात. थर आलेल्या मिनींवर ब्रशने एक पातळ ग्लॉस मारा. बऱ्याचदा धुकं निघून जातं. मग त्यावर ब्रशनेच मॅट. प्रायमरचंही तेच: स्प्रे ऐवजी ब्रशचा प्रायमर. आमच्याकडे ठाण्यातही हीच रड आहे, पण ब्रशच्या वॉर्निशवर गेल्यापासून त्रास संपला.

———

सोनचाफा (डोंबिवली)

धागा वाचताना मुलगा शेजारी बसला होता. त्याचा प्रश्न जसाच्या तसा: "हत्ती कुठायत?" दर दिवाळीत किल्ल्यावर मावळ्यांबरोबर तो एक हत्ती ठेवतोच. हॅनिबलचं सैन्य हवंय ते हत्तींसाठीच. आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारे भारतीय हत्ती रंगवून वापरले तर चालतील का?

———

पितळी ढाल (पुणे)

सोनचाफा, मुलाला सांगा, हत्ती आहेत, पण कॅनीला नाहीत. ऱ्होन नदी ओलांडताना हॅनिबलबरोबर ३७ हत्ती होते. ट्रेबियाला ते लढले. त्यानंतरच्या थंडीत बहुतेक मेले. २१७ मध्ये दलदलीतून जाताना एकच उरला होता आणि त्याच्यावर खुद्द हॅनिबल बसला होता. त्याच प्रवासात हॅनिबलचा एक डोळा गेला. प्लिनीने केटोचा हवाला देऊन एका शूर हत्तीचं नावही दिलंय, सुरस, एक सुळा मोडलेला. तेव्हा मुलाला हत्तीच रंगवायचे असतील तर ट्रेबिया किंवा झामा घ्या. झामाला ऐंशीच्या वर हत्ती होते. रोमन सेनापती सिपिओने आपल्या तुकड्या एकामागे एक उभ्या करून मधे गल्ल्या सोडल्या आणि बरेचसे हत्ती त्या गल्ल्यांतून निघून गेले.

भारतीय हत्ती मात्र चालणार नाही, आणि का ते मुलाला दाखवण्यासारखं आहे. कार्थेजचे हत्ती उत्तर आफ्रिकेतले, आपल्या हत्तीपेक्षा लहान चणीचे. कान मोठे, पाठ मधे खोल, कपाळ सपाट. आपल्या हत्तीची पाठ कमानीसारखी वर आणि कपाळावर दोन उंचवटे. स्पेनमधल्या बार्का घराण्याच्या, म्हणजे हॅनिबलच्या घराण्याच्या, चांदीच्या नाण्यांवर हे रूप स्पष्ट दिसतं. माहूत मानेवर बसलेला आणि पाठीवर काहीही नाही. अंबारीसारखा मनोरा हॅनिबलच्या हत्तींवर असल्याचं पॉलिबिअस सांगत नाही. राफियाच्या लढाईत (२१७) टॉलेमीच्या आफ्रिकन हत्तींवर मनोरे होते, पण ते इजिप्तचं राज्य. त्या लढाईत टॉलेमीचे हत्ती समोरच्या भारतीय हत्तींचा वास आणि आवाज सहन न होऊन मागे फिरले, हेही पॉलिबिअस सांगतो. सुरस या नावावरून तो सीरियाकडून आलेला, म्हणजे कदाचित आपल्याकडच्या जातीचा असावा, असा काहींचा तर्क आहे. तो तर्क धरून एक भारतीय हत्ती, सुळा मोडून, ट्रेबियाच्या रांगेत उभा केला तर मी तरी नाही म्हणणार नाही.

रंगवताना नुसता करडा नको. तपकिरी-करडा तळ, पातळ काळपट वॉश, फिका ड्रायब्रश. कानांच्या कडा, सोंडेचा वरचा भाग आणि डोळ्यांभोवती अगदी थोडा गुलाबी. सुळे हस्तिदंती, मुळाशी तपकिरी. लिव्ही म्हणतो की मेटॉरसच्या लढाईत (२०७) माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती बिथरून आपल्याच माणसांवर आला तर मानेच्या सांध्यात छिन्नी ठोकून त्याला मारत. माहुताच्या कमरेला ती छिन्नी लावा. वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

———

गडकोट (सातारा)

हत्तींचं वाचून ट्रेबियाचा मोह होतोय, पण लिबियनांचं पटलं, म्हणून कॅनीच. मात्र लाल अंगरख्याचा हट्ट मी सोडणार नाही. सगळं रोमन सैन्य मळकट पांढरं झालं तर टेबलावर उठाव कसा येणार?

———

पितळी ढाल (पुणे)

उठाव ढालींनी आणि पिसांनी येतो. आणि लाल अंगरखा तुम्हाला हवाच असेल तर त्यासाठी एक अस्सल जागा आहे. प्लुटार्क सांगतो की कॅनीच्या सकाळी दुसरा कॉन्सल व्हॅरोने लढाईची खूण म्हणून सेनापतीच्या तंबूवर लाल अंगरखा टांगला. डीबीएसारख्या प्राचीन लढायांच्या युद्धखेळात छावणीची तळपट्टी लागतेच. तिच्यावर लोकरी रंगाचा तंबू करा, वर काठी, काठीवर लाल अंगरखा. बाकी सगळं सैन्य फिकं असेल तर तेवढा एकच लाल ठिपका सगळ्या टेबलावर उठून दिसतो. कागदी रुमालाचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून काठीवर घाला, वाळताना चुण्या पाडा, मग रंगवा. कॉन्सलच्या पांघरुणालाही लाल चालेल. इतरांना नको.

———

लीड्सकर

डीबीए निघालंच आहे तर नवीन लोकांसाठी सांगतो: त्यात एका सैन्याला फक्त १२ तळपट्ट्या. २८ मिमीला ६० मिमी रुंद, १५ मिमीला ४०. कॅनीच्या दोन्ही बाजू मिळून चोवीस. एवढं काम नोकरी सांभाळून होतं. मोठ्या खेळांकडे नंतर जाता येतं, त्याच तळपट्ट्या घेऊन. इथे इंग्लंडमध्ये सोसायटी ऑफ एन्शंट्स ही १९६५ पासूनची संस्था दर वर्षी एकच प्राचीन लढाई निवडून वेगवेगळ्या नियमांनी टेबलांवर मांडते. तिथे गेलं की कळतं, नियम कुठलेही असोत, लोक थांबून बघतात ते नीट रंगवलेलं सैन्य.

शमीवृक्ष यांना एक सुचवतो, ट्यूनिसच्या बार्दो संग्रहालयातल्या तीन चकत्यांच्या चिलखताबद्दल लिहा. मी माझ्या एका अधिकाऱ्याला ते घातलंय.

———

शमीवृक्ष (औरंगाबाद)

लिहितो. ते चिलखत ट्यूनिशियातल्या क्सूर एस्साफला १९०९ मध्ये एका थडग्यात सापडलं. छातीवर दोन चकत्या वर, एक खाली, सोनेरी मुलामा दिलेला कांस्य पत्रा, त्यावर शिरस्त्राण घातलेल्या देवीचं मुख. घडण दक्षिण इटलीची. हॅनिबलच्या सैन्यातल्या कुणी ते परत आणलं, असं एक मत आहे. ते मत मानो वा न मानो, कॅनीनंतर हॅनिबलकडे गेलेल्या दक्षिण इटलीच्या लोकांसाठी हा नमुना उत्तम. आणि रोमच्या बाजूने लढणाऱ्या दोस्त तुकड्यांतही एखाद्या दक्षिणेकडच्या अधिकाऱ्याला शोभेल. रंगवताना नुसता पितळी नको. शेवटचा उजाळा सोनेरीचा, आणि देवीच्या मुखाला एक तपकिरी वॉश, म्हणजे नाकडोळे उठतात.

———

आंब्याचा मोहर (रत्नागिरी)

ब्रशच्या वॉर्निशबद्दल मेणाचा मावळा यांचे आभार. धुकं गेलं. तळपट्टीच्या जमिनीचं कोणी सांगेल का? माझ्याकडे कोकणातली लाल माती चाळून ठेवलेली आहे.

———

पितळी ढाल (पुणे)

लाल माती कॅनीला नको. ऑगस्टमधला दक्षिण इटलीतला अपुलिया, ऑफिडस नदीकाठचं सपाट रान, वाळलेलं गवत. वल्टर्नस वारा सुटून धूळ रोमनांच्या तोंडावर येत होती, असं लिव्ही सांगतो. फेव्हिकॉलवर बारीक चाळलेली नदीची वाळू, तपकिरी वॉश, मग फिका मातकट पिवळा ड्रायब्रश. गवत पेंढ्याच्या रंगाचं, हिरवं जवळजवळ नाहीच. मग तोच मातकट रंग सुक्या ब्रशने रोमन सैनिकांच्या पायांवर आणि ढालींच्या खालच्या कडेवर. स्पॅनिश अंगरख्यांवर नाही. तुमची लाल माती ठेवून द्या, दुसऱ्या मोहिमेला उपयोगी पडेल.

———

चैतीपालवी (नागपूर)

ओली पॅलेट केली, फार उपयोग झाला. आठ वेलिटीस पूर्ण झालेत, लांडग्याची कातडी मनासारखी जमली. आता गॉलही घ्यायचे आहेत. त्यांच्या विजारींवर चौकटी कशा काढायच्या? आणि डोळे आधी की नंतर? आमच्याकडे मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात.

———

पितळी ढाल (पुणे)

ताई, छान! मिनीला डोळे आधी. त्वचा, मग डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी, त्यात दोन पांढरे ठिपके, मधे उभी गडद रेघ, आणि चुकलेली बाजू त्वचेच्या रंगाने झाका. शिरस्त्राण नंतर रंगवलं की वरची पापणी आपोआप सरळ होते. वेलिटीसच्या कातड्याखाली तर डोळे दिसतही नाहीत, तिथे नुसती सावली पुरे.

चौकटींसाठी तळाला मध्यम रंग, समजा गेरू. मग उभ्या गडद रेघा, पायाच्या वळणाबरोबर वळणाऱ्या. त्या वाळू द्या. आडव्या रेघा त्याच रंगाच्या, पण दुप्पट पाणी घालून. जिथे उभी-आडवी मिळते तिथे मूळ गडद रंगाचा एक ठिपका. शेवटी रिकाम्या चौकोनांत फिक्या रंगाची एक बारीक रेघ, तीही फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला दोन रंगांत भागवा. प्रत्येक गॉलला वेगळे रंग द्या, आणि एका तळपट्टीवर दोघांनाच चौकटी, बाकीच्यांना पट्टे किंवा साधी विजार. केस चुन्याने ताठ केलेले असत, म्हणून पिवळ्यावर मुळाशी तपकिरी आणि टोकाला जवळजवळ पांढरा.

गॉलच्या तळपट्ट्या झाल्या की स्पॅनिश लगेच घ्या, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पांढऱ्याचा अंदाज येईल. फोटो नक्की टाका.